दुसऱ्या वाटीतले वाल

गिरीज, वसई
११ नोव्हेंबर १९९८

प्रिय प्रिस्का,

पार्सल आज पोस्टात टाकलं. विहिरीजवळच्या लाल पेरूची पानं आहेत. कोवळी नकोत, जून नकोत असं तू लिहिलं होतंस, तशी मधली बघून खुडली आणि ओसरीवर सावलीत वाळवली. व्हेरोनिकाने ती उशीच्या अभ्र्यांत भरून तोंडं शिवून दिलीत. अभ्रे परत पाठव, नाहीतर तुझी मामी मला विटेवर डोकं ठेवायला लावील.

पोस्टातला माणूस विचारत होता, आत काय आहे? म्हटलं, पाला. म्हणाला, हैदराबादला पाला मिळत नाही? म्हटलं, मिळतो, पण माझी भाची डॉक्टर होणार आहे, औषधाची नाही, पाल्याची. तो हसला, पण शिक्का जपून मारला.

तुझी आई असती तर तिनेच झाडावर चढून पानं काढली असती. लहानपणी तिला त्या पेरूवरून उतरवायला मलाच वर जावं लागायचं.

तू शेजारच्या फ्लॉसीकडे फोन केला होतास म्हणे. मी वाडीत होतो. आणि घसाही बसलाय जरा, नाताळच्या गाण्यांच्या तालमी चालल्यात ना. पाचूबंदरची जयवंती मासे घेऊन येते ती दारातूनच ओरडते, "फर्डीबाबा, काटा अडकला काय घशात? गरम पानी घे!" घेतोय. तू पत्रच लिहीत जा. फोनवर फ्लॉसी शेजारी उभी राहून सगळं ऐकते.

तुझा
फर्डिनंडमामा


हैदराबाद
१८ जानेवारी १९९९

प्रिय मामा,

अभ्रे वेगळ्या पार्सलने पाठवलेत, मामीला सांग. आणि आता नीट बसून वाच, कारण मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुझ्या पेरूने कमाल केलीय! मी पानं अल्कोहोलमध्ये भिजवून त्यांचा अर्क काढला. कच्चं केळं, चहा, पेरूची पानं जिभेला तुरट लागतात ना, तो तुरटपणा ज्यांच्यामुळे येतो त्यांना पॉलिफिनॉल म्हणतात. माझं सगळं काम त्यांच्यावरच आहे. आमच्याकडे कॅन्सरच्या पेशी प्लॅस्टिकच्या डिशमध्ये गुलाबी द्रवात वाढवतात. दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात मेल्या. त्यांच्यात मी वेगवेगळ्या झाडांचे अर्क घालून पाहिले. बाकीच्यांनी त्यांचं काही वाकडं केलं नाही. तुझ्या पेरूचा अर्क घातलेल्या डिशमध्ये मात्र त्यांची वाढ थांबली. बऱ्याचशा मेल्या. मामा, त्या घशाच्या कॅन्सरच्या पेशी होत्या.

सर सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाले, "हा कुठला पाला?" मी म्हटलं, माझ्या मामाच्या विहिरीवरचा.

अजून पाव पिशवी पाठवशील?

तुझी
प्रिस्का


गिरीज
३१ जानेवारी १९९९

प्रिय प्रिस्का,

तुझं पत्र पोचलं. रविवारी चर्चला मिसा झाल्यावर मामीने ते आळीतल्या क्रुसाच्या ओट्यावर उभं राहून वाचलं. आपली पद्धत तुला माहीतच आहे. माणसं कुवेतला जायला लागली तेव्हापासून परगावच्या पत्रातलं चांगलं वर्तमान तिथेच वाचायचं. मामी शाळेत वाचते तशी ठासून वाचत होती. "घशाच्या कॅन्सरच्या पेशी" आल्या तेव्हा मागचेही पुढे सरकले. मग टाळ्या. फ्लॉसी म्हणाली, "आमची पोरगी नोबेल आणणार, बघा." आणि संध्याकाळी पिशवी घेऊन झाडाखाली हजर. कशाला विचारलं तर म्हणते, असू दे घरात.

पानं पाठवतो. थोडी माहिती हवी होती. अल्कोहोलऐवजी साध्या पाण्यात पानं उकळली तर तुझे ते पॉलिफिनॉल उतरतात का? किती आटवायचं? उपाशीपोटी चांगलं की जेवल्यावर? आणि कॅन्सर लहान असेल, वाटाण्याएवढा, तर त्याला किती पुरेल?

लोक विचारतात, म्हणून विचारलं.

मामा


हैदराबाद
१० फेब्रुवारी १९९९

प्रिय मामा,

तुझे प्रश्न वाचून हसले. सरांना दाखवले तर म्हणाले, "तुझ्या मामाला इथे नोकरीला घे." पाण्यातही पॉलिफिनॉल उतरतात, बरेचसे. पाऊण आटवलंस तर घट्ट काढा होईल. बाकीचं कुणालाच माहीत नाही, आम्ही अजून डिशमध्येच आहोत. पण मला आशा आहे, खूप आहे.

आज फार लिहीत नाही. नवा प्रयोग लावलाय. अर्काने चांगल्या पेशींना काय होतं ते बघायचंय.

उपवासकाळ सुरू होईल आता. यंदा गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाची गाणी तूच सुरू करणार ना? इथल्या चर्चमध्ये तेलुगूत गातात, छान असतं, पण मला तुझा आवाज आठवतो. तो लांबून, केळीच्या पलीकडून यायचा.

तुझी
प्रिस्का


गिरीज
८ मार्च १९९९

प्रिय प्रिस्का,

हे पत्र मामांना न सांगता लिहिते आहे. शाळेत बसून लिहिते आहे, म्हणून पान वहीचं आहे.

तुझ्या मामांना घशाचा कॅन्सर आहे. स्वरयंत्रावर. नाताळनंतर आवाज सुटेना म्हणून मीच ओढून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. तुकडा काढून तपासला. डॉक्टर चांगले होते, नीट समजावलं. म्हणाले, लहान आहे, वेळेवर आलात, किरणांचा शेक देऊ, बरं व्हायची आशा भरपूर आहे आणि आवाज बहुतेक राहील. यांनी त्यातलं "बहुतेक" तेवढं ऐकलं. घरी येताना वाटेभर तोच शब्द. "बहुतेक म्हणजे काय, व्हेरोनिका?" शेक सुरू करायची तारीख फेब्रुवारीतली होती. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली.

आणि मग तुझं पत्र आलं. ते मीच वाचलं ग, मीच, सगळ्या आळीसमोर. वाचता वाचता यांच्याकडे पाहिलं तर चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, देवानेच धाडलं.

तेव्हापासून हॉस्पिटलचं नाव काढू देत नाहीत. तारीख गेली. सकाळ-संध्याकाळ पेरूचा काढा पितात, काळा कुट्ट. तुझ्या दुसऱ्या पत्रातलं "पाऊण आटवलंस तर" तोंडपाठ आहे त्यांना. मी विरोध केला तर म्हणाले, "तुझ्या भावाची पोर असती तर ऐकलं असतंस." मी गप्प बसले, कारण मलाही वाटत होतं की गाठ उतरेल.

पण आता गिळताना दुखतं त्यांना. परवा भात परत काढून टाकला. मानेला डाव्या बाजूला हाताला लागतं काहीतरी. ते म्हणतात, हाडच आहे. मी बायको आहे, मला माहीत आहे तिथे हाड नव्हतं.

मी फार घाबरले आहे. तू सांग ना, काढ्याने उतरेल का? खरं काय ते सांग.

तुझी
व्हेरोनिकामामी


हैदराबाद
१४ मार्च १९९९

मामा,

मामीवर रागावू नकोस. तिने लिहिलं म्हणून मला कळलं.

हे पत्र मिळेल त्या दिवशी हॉस्पिटलात जा. पायातल्या चपला बदलायलाही थांबू नकोस. काढा बंद कर. मी इथून फ्लॉसीकडे फोन करते आहे, तू येत नाहीस. मी वेड्यासारखी रोज करते आहे.

मी तुला हे आधी सांगायला हवं होतं, पण मला स्वतःलाच गेल्या आठवड्यात कळलं. चांगल्या पेशींवरचा तो प्रयोग आठवतो? त्या चांगल्या पेशीही मेल्या. सगळ्या. मग आम्ही शोधलं. मामा, पेशींना तुझं पेरूचं पान मारतच नव्हतं. आमच्या डिशमधल्या गुलाबी द्रवात अर्क पडला की तिथल्या तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखम धुताना फेस येतो ना, तेच. त्याने पेशी मरतात. ते पेरॉक्साइड मोडणारा एक पदार्थ आहे, तो आधी द्रवात टाकला आणि मग तुझा अर्क घातला. कॅन्सरच्या पेशी मजेत वाढल्या. जणू काही घातलंच नव्हतं.

तुझ्या शरीरात तो गुलाबी द्रव नाही. तुझ्या शरीरात काढा पोटात जातो, तिथे त्याचा बराचसा भाग मोडतो, आणि घशाच्या गाठीपर्यंत जे पोचतं ते नसल्यासारखंच. मी डिशमधलं पाहिलं आणि तुला लिहिलं, आनंदात. माझ्या आनंदावर तू तारीख चुकवलीस.

जा ना मामा. मी पाया पडते.

प्रिस्का


गिरीज
२२ मार्च १९९९

प्रिय प्रिस्का,

पत्र मिळालं. फ्लॉसीचा फोन आता तुझ्याच नावाने वाजतो, ती वैतागलीय. मी फोनवर येणार नाही. माझा आवाज तू ऐकावास असा राहिलेला नाही, उगाच रडशील.

मी शेतकरी माणूस आहे, पण इतका अडाणी नाही. तू जानेवारीत पत्र लिहिलंस तेव्हा मला काय झालंय ते तुला माहीत नव्हतं. जे डोळ्यांना दिसलं ते लिहिलंस. कुणाला वाचवायचं नव्हतं, कुणाला भिववायचं नव्हतं. ते पत्र खरं. आताचं पत्र माझ्या भाचीने लिहिलंय, मामीचं ऐकून, घाबरून. मी तुझ्या जागी असतो तर मीही लिहिलं असतं की पेरू खोटा, डॉक्टर खरा. फेस काय, गुलाबी पाणी काय, वाट्टेल ते लिहिलं असतं.

तुझी आई गेली तेव्हा तू लहान होतीस आणि मी तुला सांगितलं होतं की ती झोपलीय. तुला वाटतं मला कळत नाही माणसं प्रेमाने काय काय लिहितात?

ईस्टर होऊ दे. मग बघू.

काढा चालू आहे. आळीतले बरेच जण नेतात पानं, पेरू पार बोडका झालाय एका अंगाने. फ्लॉसी तर रोज. काही विचारलं की पदर सारखा करते आणि दुसरंच बोलते.

तुझा
मामा


हैदराबाद
२८ मार्च १९९९

प्रिय मामा,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं सांगत नाही. तुझं म्हणणं मला खोडता येत नाही. मी खरंच घाबरले आहे, आणि घाबरलेल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही हे तूच मला शिकवलंस.

तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मामीच्या वालांवर ठेव.

मामी बिरड्यासाठी वाल भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते. तसेच तीन वाट्या वाल घ्या. पहिल्या वाटीतले वाल तुझ्या काढ्यातच भिजवायचे आणि काढ्यानेच ओलं केलेल्या फडक्यात बांधायचे. माझी डिश ती. तिथे पेशी दिवसरात्र अर्कात बुडालेल्या असतात. दुसऱ्या वाटीतले साध्या पाण्यात भिजवून बांधायचे आणि तू काढा पितोस त्या वेळी, सकाळ-संध्याकाळ, त्यांच्यावरून काढा ओतायचा. वाहून जाऊ दे. वर पाण्याने धुवायचे, तू चूळ भरतोस तसे. तिसऱ्या वाटीला नुसतं पाणी.

वाल म्हणजे कॅन्सर नाही, हे मला माहीत आहे. हा शास्त्रातला पुरावा नाही, सर ऐकतील तर हाकलून देतील. काय होईल तेही मी सांगत नाही, कारण मी हे कधी करून पाहिलेलं नाही आणि मला भीती वाटते आहे की तुझंच खरं ठरेल. पण वालांना मी तुझी भाची आहे हे माहीत नाही. मामीचंही ते ऐकत नाहीत.

जे दिसेल ते तू मला लिही.

प्रिस्का


गिरीज
९ एप्रिल १९९९

प्रिय प्रिस्का,

ईस्टर झाला. गुड फ्रायडेला मी गायलो नाही. पहिली ओळ उचलायला उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. चर्चमधले सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. शेवटी मामीने सूर धरला, चुकीच्या पट्टीत, आणि रडत रडत शेवटपर्यंत नेला. मी पुस्तकात बघत उभा होतो.

घरी येऊन तीच म्हणाली, वाल भिजवते. मी म्हटलं भिजव. आता तू लिहिलंस तसं, जे दिसलं ते लिहितो.

पहिल्या वाटीतले वाल काळे पडले. फुगले नाहीत, मोड नाही, नखाने टोचले तर आतूनही मेलेले. मी मामीला हाक मारली, म्हणजे टाळी वाजवली. म्हटलं, बघ! मारतो की नाही माझा काढा? मला इतका आनंद झाला की मी त्याच हाताने काढ्याचा पेला उचलला.

तिने दुसऱ्या वाटीचं फडकं सोडलं. फडकं माझ्यासमोर ठेवलं आणि चुलीकडे वळली.

प्रिस्का, मी जन्मभर बी पेरलंय. मोड मला ओळखू येतो. पांढरेशुभ्र, लांब, टपोरे, एकही वाल मागे राहिला नव्हता. काढ्याचा डाग सालावर होता, पण आतल्याला काही पत्ताच नव्हता. तिसऱ्या वाटीशेजारी ठेवले तर कुठले कुठले ते सांगता येईना. मी ते हातात घेऊन ओसरीवर बसून राहिलो. काढा वरून गेला, धुतला गेला, आणि ते खाली आपले वाढत राहिले. सकाळ-संध्याकाळ. मग मला कळलं की माझा घसा दुसऱ्या वाटीत आहे.

मानेला हात लावायची हिंमत झाली नाही बराच वेळ. मग लावला. ते हाड नाही.

काल हॉस्पिटलात गेलो. तेच डॉक्टर होते. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं वाटलं असतं. आरशाने पाहिलं, मान चाचपली, आणि खुर्ची जवळ ओढून बसले. नुसत्या शेकाने आता भागणार नाही. स्वरयंत्र काढायचं. मानेला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. जगाल म्हणतात, बहुतेक. पुन्हा तोच शब्द.

मला फार भीती वाटते. हे मामीला सांगितलेलं नाही. तू ये.

मामा


हैदराबाद
१४ एप्रिल १९९९

मामा,

तिकीट काढलं. ऑपरेशनच्या आधी पोचते. तोवर आवाज कसाही असू दे, फ्लॉसीकडे जा आणि मला फोन कर. मला ऐकायचाय. मी रडेन, तू बोलत राहा.

प्रिस्का


गिरीज
३० मे १९९९

प्रिय प्रिस्का,

तू गेल्यापासून घर फार शांत आहे. माझ्यामुळे तर आहेच. मामी पाटी-पेन्सिल हातात देते, मी लिहितो, ती शुद्धलेखन तपासते. जगात कुठल्या बायकोला अशी सोय असेल!

जखम भरतेय. शेक सुरू व्हायचाय. रात्री श्वास त्या भोकातून शिट्टीसारखा वाजतो आणि मी दचकून उठतो, कोण आलं म्हणून. मग कळतं मीच.

तुला एक सांगायचं राहिलंय. तू जाताना लिहून ठेवलेलं पत्र, पेरूच्या पानाने कॅन्सर बरा होत नाही असं सांगणारं, ते मामीने काल क्रुसाजवळ वाचलं. मे महिन्याची रोझरीची प्रार्थना संपली होती, सगळी आळी होती. गुलाबी द्रव, फेस, चांगल्या पेशी, सगळं तिने पहिल्यासारखंच ठासून वाचलं. या वेळी टाळ्या नाहीत. उलट कुजबुज. कुणी म्हणालं, पोरीवर वरून दाब आला असेल. कुणी म्हणालं, औषध कंपन्यांना परवडत नाही ना. फ्लॉसी तर मोठ्याने म्हणाली, "पहिलं पत्र तिने मनापासून लिहिलं होतं. हे लिहवून घेतलंय." अगदी माझेच शब्द. माझ्याकडे बघून म्हणाली, "फर्डी, तू उशिरा सुरू केलास काढा, म्हणून लागू नाही पडला. खरं की नाही?"

मला बोलायचं होतं. तुला माहीत आहे मला बोलायला किती आवडतं. तोंड उघडलं, ओठ हलले, सगळे वाट बघत राहिले. पाटी घरी राहिली होती.

मग मी ओट्यावर चढलो, दिव्याखाली, जिथे उभं राहून आयुष्यभर गायलो. गळ्याला बांधलेला रुमाल सोडला. कुणालाही दाखवायचं नाही असं मी मामीला बजावलं होतं. कॉलर दोन्ही हातांनी उघडून धरली आणि उभा राहिलो. श्वास आत-बाहेर करताना तिथे काय होतं ते तू पाहिलंयस. पुढच्या रांगेतल्या बायांनी तोंडावर पदर घेतला. एकदा खोकला आला, तोही तिथूनच. मामी माझ्याजवळ आली, पण तिने रुमाल बांधला नाही.

आज सकाळी झाडाखाली कुणी आलं नाही. दुपारी फ्लॉसी आली, हातात पिशवी नव्हती. ओसरीवर बसली, पाणी मागितलं, प्यायली नाही. मामीला म्हणाली, "व्हेरोनिका, जरा आत ये." दोघी बाहेर आल्या तेव्हा मामीचे डोळे लाल होते. फ्लॉसीच्या छातीत गाठ आहे. नाताळपासून. मिसाला जाताना, रोझरीला बसताना, फोनशेजारी उभी राहून तुझं ऐकताना, सगळा वेळ होती. आणि ती माझ्या झाडाची पानं उकळून पीत होती.

उद्या मामी तिला घेऊन हॉस्पिटलात जातेय. मीही जाणार आहे. फ्लॉसी म्हणाली, तू कशाला, तुला बोलता येत नाही. मी पाटीवर लिहिलं, रस्ता माहीत आहे.

ती घाबरली होती. मी तिचा हात धरून बसलो होतो. तिला वाटलं मी धीर देतोय. मलाही तितकीच भीती वाटत होती, पण ते सांगायला मला आवाज नव्हता, आणि ते बरंच झालं.

तुझा
फर्डिनंडमामा